जुन्या खुर्चीची बैठक घरच्या घरी नव्याने बांधताना

आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा सागवानी खुर्च्या आहेत. सासरे सांगलीला नोकरीत होते तेव्हा त्यांनी सुताराकडून करून घेतलेल्या. लाकूड अजून खणखणीत, पण बसलं की माणूस मध्येच खचायचा आणि खुर्चीखाली रोज तपकिरी भुगा पडलेला असायचा. एका दुकानात दाखवल्या तर "वरून नवीन कापड मारून देतो" असं उत्तर मिळालं. तसं केलं असतं तर वर्षभरात पुन्हा तीच गत झाली असती, कारण दुखणं कापडात नव्हतंच. बैठकीचा सगळा भार तळाला विणलेल्या पट्ट्यांवर असतो. त्या सैल पडल्या की वर कितीही भारी कापड घाला, खड्डा पडणारच. त्या सहाही बैठका मी घरी उघडून पुन्हा बांधल्या. पहिलीला अख्खा रविवार गेला, सहावी तीन तासांत झाली.

इथे लिहिलंय ते अशाच खुर्च्यांबद्दल, म्हणजे जिची बैठक वेगळ्या चौकटीवर बांधलेली असते आणि ती चौकट खुर्चीच्या खाचेत नुसती बसवलेली असते. शिकायला हीच खुर्ची घ्या. स्प्रिंगची बैठक, हात आणि पाठ भरलेली आरामखुर्ची किंवा सोफा यांची कामं नंतरची. खुर्ची उलटी करून बघा. चारही कोपऱ्यांत तिरके लाकडी ठोकळे असतील आणि त्यांतून वर गेलेले स्क्रू दिसत असतील तर ते सोडवा. स्क्रू नसतील तर खालून तळव्याने हलके धक्के देत राहा, बैठक आपोआप वर येते.

उघडताना घाई नको

सगळ्यात आधी खुर्ची आणि तिची बैठक या दोन्हींवर एकच नंबर टाका. हाताने केलेल्या सहा खुर्च्या एकाच मापाच्या वाटतात, पण नसतात. आमच्या पहिल्या नंबरची बैठक चौथीत जात नाही, तीन-चार मिलिमीटरला अडते.

लागणारी हत्यारं साधी आहेत. बोथट रुंद स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लहान हातोडी, कात्री, धारदार कटर, मोजपट्टी, खडू आणि पिना मारायची स्टेपल गन. गॅलरीत किंवा अंगणात जुनी चादर अंथरून बसा. नाकाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच. गंजकी चूक, म्हणजे चपट्या डोक्याचा छोटा खिळा, उपटताना ती कुठे उडेल याचा नेम नसतो, आणि जुन्या भरणाची धूळ घशात बसली की दोन दिवस खोकला जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही आधी उरका.

चौकट पालथी ठेवा. चुकेच्या डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून हातोडीने हलका ठोका द्यायचा आणि मग पकडीने उपटायचं. ठोका लाकडाच्या रेषांच्या दिशेने द्या, आडवा दिला तर चौकटीची ढलपी निघते. आपला दुसरा हात हत्याराच्या समोर कधीही नको.

कापड ओढून फाडू नका. एकेक थर अख्खा काढून, उघडला त्या क्रमाने जमिनीवर मांडत जा: तळाचं काळं अस्तर, वरचं कापड, मांजरपाट, कापूस, काथ्या, गोणपाट आणि नवार, म्हणजे तळाच्या त्या विणलेल्या पट्ट्या. जुन्या कारागिराने कुठे घडी घातली, पट्ट्या किती, कोणती कोणाखालून गेली, हे सगळं इथेच कळतं. प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. काढलेलं कापड हाच पुढच्या कापडाचा बेतण्याचा नमुना.

भरण बघून खुर्चीच्या वयाचाही अंदाज येतो. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली लावला आणि त्याचा फोम बाजारात रुळला तो १९५० नंतर. खुर्ची त्याहून जुनी असेल आणि आत फोम निघाला, तर ती मध्ये कधीतरी कोणीतरी उघडलेली आहे हे नक्की. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीच्या खुर्च्यांत बहुधा नारळाचा काथ्या आणि त्यावर कापूस असायचा. आमच्या खुर्च्यांत तेच निघालं. शेवटची नवार उपटली तेव्हा चौकटीच्या आतल्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: १७॥ × १६॥. साडेसतरा बाय साडेसोळा इंच. सुताराने मापासाठी केलेली नोंद, पन्नासएक वर्षं काथ्याखाली जशीच्या तशी राहिलेली. ती बघताना मी हातातलं काम थांबवून बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

काथ्या लांब धाग्यांचा आणि लवचिक असेल तर टाकू नका. दोन दिवस कडक उन्हात घाला, बोटांनी पिंजून मोकळा करा, तो पुन्हा वापरता येतो. मुठीत चुरगळल्यावर भुगा होत असेल तर त्याचं आयुष्य संपलं. फोम पिवळा पडून कडांनी झडत असेल तर त्याचंही तेच. शिवणीत किंवा चुकांच्या डोक्यांभोवती काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या. अशा खुर्चीचं सगळं भरण घराबाहेरच पिशवीत बांधून टाकून द्या, त्यात जीव गुंतवू नका.

आधी लाकडाचं बघा

बैठक काढलेली असताना सांगाडा जसा दुरुस्त होतो तसा एरवी होत नाही. पाठीचा वरचा भाग धरून खुर्ची पुढे-मागे हलवा. कुरकुरली तर जोड सुटलाय. वर आणखी फेविकॉल ओतून उपयोग नाही, वाळलेल्या डिंकावर नवा डिंक पकडत नाही. जोड पूर्ण उघडावा लागतो. फडकं गुंडाळलेल्या लाकडी हातोडीने आतून ठोकत दांडी सोडवा. जुन्या खुर्च्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने, जोडलेल्या असतात, सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो. तो खरवडून काढा, लाकूड वाळू द्या, मग खाचेत आणि कुसवावर, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या दांडीच्या टोकावर, लाकडाचा डिंक लावून जोड बसवा.

जोड आवळून धरायला घरी शिकंजा नसेल तर सुतळी पुरते. चारही पायांभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे घ्या, मध्ये एक काठी अडकवून पीळ देत जा आणि ती काठी दांडीला अडकवून ठेवा. सुतळीखाली पायांना कापडाचे तुकडे लावा, नाहीतर पॉलिशवर वळ उठतात. डिंक ओला असतानाच बैठकीच्या खाचेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं तिरकं अंतर दोन्हीकडून मोजा. दोन्ही मापं सारखी भरली तरच खुर्ची सरळ आहे. सपाट फरशीवर चोवीस तास तशीच राहू द्या.

लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे. इंजेक्शनच्या सिरिंजने त्या भोकांत वाळवीरोधक औषध सोडा आणि ते वाळल्यावरच पुढचं काम हाती घ्या. चौकटीतली चुकांची जुनी भोकं मात्र भरलीच पाहिजेत, नाहीतर नवीन पीन धरणार नाही. डिंकात बुडवलेली काडेपेटीची काडी घालून, वाळल्यावर वरून छाटली की झालं. पॉलिश करायचं असेल तर तेही आत्ताच, कापडाला हात लावण्याआधी.

नवार: इथे वेळ द्या

नवार म्हटलं की आपल्याला पलंगाची सुती नवार आठवते. ती बैठकीला नको. सुती नवार ताणते आणि पलंगाची जशी पुन्हा आवळता येते तशी ही कापडाखाली आवळता येत नाही. तागाची दोन इंची घट्ट पट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर सोफावाले वापरतात तो इलॅस्टिक पट्टा घ्या, तो जवळजवळ सगळीकडे मिळतो. पुण्यात रविवार पेठेत आणि बोहरी आळीत फिरलात तर बरंचसं सामान एका फेरीत होतं.

साधारण ४५ × ४२ सेंमी बैठकीला चार उभ्या आणि चार आडव्या पट्ट्या लागतात, म्हणजे एका खुर्चीला साडेचार मीटर. पट्ट्या चौकटीच्या वरच्या बाजूला मारायच्या, खालच्या नाही.

मागच्या दांडीच्या मध्यावर खूण करा. पट्टीचं टोक अडीच सेंमी दुमडून त्यावर पाच अर्ध्या इंची चुका मारा, तीन मागे आणि दोन पुढे. पाचही एका ओळीत मारल्या तर लाकूड चिरतं. आता ताण. हाताने कितीही ओढलं तरी पुरत नाही. वीतभर लांबीचा लाकडी तुकडा घ्या, पट्टी त्याच्याभोवती एकदा गुंडाळा, तुकड्याची खालची कड चौकटीच्या बाहेरच्या अंगाला टेकवा आणि वरची कड तरफेसारखी खाली दाबा. पट्टी ताठ होते. तशीच धरून तीन चुका मारा, पट्टी कापा, टोक उलटं दुमडून आणखी दोन. हे करताना दुसऱ्या माणसाचे हात असतील तर काम फार सोपं होतं.

आमच्या गल्लीत एक म्हातारे सोफावाले चाचा होते. माझी पहिली पट्टी बघून त्यांनी तिच्यावर नुसतं टिचकी मारली. "ताई, आवाज ऐका. डफ वाजला पाहिजे. हे तर उशी वाजतेय." मी ती उपटून पुन्हा बांधली. तेव्हापासून प्रत्येक पट्टीवर टिचकी मारूनच मी पुढे जाते. फार ताणलं तरी चौकटीच्या बारीक दांड्या आत वाकतात, म्हणून एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या ओळीने न मारता मधली, मग तिच्या दोन्हीकडच्या, अशा क्रमाने मारा. आडव्या पट्ट्या उभ्यांमधून एक वर, एक खाली अशा चटईसारख्या विणून घ्या. पट्ट्यांमधलं अंतर दोन बोटांपेक्षा जास्त नको. इलॅस्टिक पट्ट्याला हिशेबच आहे: ४२ सेंमी अंतरासाठी पट्ट्यावर ३८ सेंमीला खूण करा आणि ती खूण कडेवर येईपर्यंत ओढा.

चौकटीऐवजी सरळ प्लायवुडची फळी असेल तर नवारीचा प्रश्न नाही. प्लाय पदर सुटून फुगलं असेल तर त्याच आकाराचं नवीन कापून घ्या आणि त्यात बोटभर रुंदीची सहा-सात भोकं पाडा. बसल्यावर फोममधली हवा तिथून बाहेर जाते आणि पावसाळ्यात ओल आत कोंडत नाही.

गोणपाट आणि फोम

नवारीवर गोणपाट पसरा, ताठ करून कडा दीड सेंमी वर दुमडा आणि पिना मारा. फोमचा किंवा काथ्याचा भाग पट्ट्यांमधून खाली लोंबू न देणं एवढंच त्याचं काम.

फोम घेताना दुकानदार २८, ३२, ४० असे आकडे सांगतो. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. जेवणाच्या खुर्चीला ४० च्या खाली उतरू नका. हलका फोम पहिल्या दिवशी छान मऊ वाटतो आणि लवकर बसतो. आकडा वजनाचा आहे, कडकपणाचा नाही, तेव्हा अंगठ्याने दाबून किती दबतो आणि किती चटकन वर येतो तेही बघा. जाडी दीड इंच पुरे. सहा फूट बाय तीन फुटांच्या एका शीटमध्ये वरच्या मापाचे सहा तुकडे आरामात बसतात.

खुर्चीची बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, म्हणून आधी चौकट वर्तमानपत्रावर ठेवून तिची आकृती कापून घ्या. त्या कागदावरून फोम कापा, चौकटीच्या बरोब्बर मापाचा. कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून लांब, सरळ हात चालवा, करवतीसारखं घासू नका. मग फोमच्या खालच्या कडा तिरक्या छाटा. कापड ओढलं की फोम कडेला आत दबतो आणि बैठकीला छान घुमटासारखा उठाव येतो. फोम गोणपाटावर चार ठिकाणी रबरी डिंकाने चिकटवा. त्यावर पॉलिस्टरच्या वॅडिंगचा किंवा पिंजलेल्या कापसाचा पातळ थर द्या.

हा थर फक्त वरच्या कडेपर्यंत. माझी चूक इथेच झाली. कडा गुबगुबीत दिसाव्यात म्हणून मी वॅडिंग चौकटीच्या बाजूंवरही उतरवलं आणि वर जाड मखमल चढवली. दिसायला सुरेख झाली, पण खाचेत जाईना. मी गुडघा देऊन दाबली आणि पुढच्या पायाचा जोड कटकन सुटला. त्या एका खुर्चीसाठी डिंक, सुतळी आणि चोवीस तास पुन्हा आले. म्हणून कापड विकत घेण्याआधीच रिकामी चौकट खाचेत ठेवून बघा. चारही बाजूंना दोन-अडीच मिलिमीटर मोकळी जागा हवी. कापड जाड असेल तर चौकटीच्या बाहेरच्या कडा रंध्याने किंवा जाड पॉलिश पेपरने घासा. कोपरे जास्त घासा, तिथे कापडाची घडी येते आणि तीन-तीन पदर होतात.

कापड कोणतं, किती

सुंदर जुनी साडी खुर्चीला लावावी असं खूप जणींच्या मनात असतं. माझं मत स्पष्ट आहे: पैठणी किंवा खण बसायच्या जागी लावू नका. खण पातळ, त्यात पन्हा लहान, आणि रोजच्या घासण्याने शिवायलाही उरत नाही इतका विरतो. पाठीच्या मागच्या बाजूला, जिथे भार येत नाही, तिथे खण फार देखणा दिसतो. बसायला दाट विणीचं जाड सुती कापड घ्या. घरात धड अवस्थेतली सोलापुरी चादर पडून असेल तर तिच्यासारखं कापड शोधून मिळणार नाही. दुकानातल्या सोफ्याच्या कापडाच्या पुस्तकात मागे 'मार्टिनडेल' असा आकडा असतो, कापड किती हजार वेळा घासल्यावर झिजतं त्याचा. रोजच्या खुर्चीला तो २०,००० च्या वर बघा.

लहान मुलं असलेल्या घरात रेक्झिनचा मोह होतो, पुसलं की स्वच्छ. पण पॉलियुरेथेनचा पापुद्रा असलेलं स्वस्त कृत्रिम चामडं दमट हवेत टिकत नाही. हवेतल्या ओलाव्याने त्या पापुद्र्याची रासायनिक बांधणीच तुटते आणि काही वर्षांत त्याच्या खपल्या निघू लागतात. मुंबई, कोकण, गोव्यात तर हमखास. त्यापेक्षा जुन्या प्रकारचं पीव्हीसीचं रेक्झिन बरं, ते कडक होतं पण सोलत नाही.

हिशेब असा: रुंदी ४५, बाजूंची जाडी ४ आणि ४, खाली दुमडायला ६ आणि ६, एकूण ६५ सेंमी. खोली त्याच रीतीने ६२. सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंमी, त्यात दोन तुकडे शेजारी बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, १८६ सेंमी. सव्वादोन मीटर घ्या. मोठी फुलं असतील आणि प्रत्येक खुर्चीवर फूल मधोमध हवं असेल तर हिशेब बदलतो. नक्षी ४५ सेंमीवर पुन्हा येत असेल तर प्रत्येक ओळीला ९० सेंमी जातात, म्हणजे पावणेतीन मीटर. मखमलीसारख्या केसाळ कापडावर हात मागून पुढे फिरवला तर तो गुळगुळीत गेला पाहिजे. सगळे तुकडे त्याच दिशेने कापा, नाहीतर सहा खुर्च्या सहा रंगांच्या दिसतात.

चढवणं

वरच्या कापडाआधी मांजरपाटाचा एक थर जरूर घाला. फोम दाबून धरायचं काम तो करतो, वरच्या कापडावर ताण कमी येतो आणि तुमचा हातही बसतो.

चौकटीच्या चारही बाजूंचे मध्य पेन्सिलीने खुणा करा आणि कापडाच्या कडांचे मध्य छोटी चीर देऊन. कापड पालथं पसरा, त्यावर बैठक पालथी ठेवा, खुणा जुळवा. मागच्या बाजूला मध्यावर एक पीन. मग पुढे जाऊन कापड ओढा आणि तिथे एक. मग डावी, मग उजवी. आता उलटवून बघा: कापडाचा धागा चौकटीला समांतर आहे का? नसेल तर पिना काढून पुन्हा. पहिल्या चार पिना वाकड्या लागल्या तर पुढच्या चाळीस त्यांच्या मागे जातात.

मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, दोन-दोन सेंमीवर पिना मारत जा. एका कापडाला ८ मिमीची पीन पुरते, पदर जास्त असतील तिथे १० मिमीची. तळहाताने वरचं कापड कडेकडे सारत आणायचं आणि मग खाली ओढायचं, नुसतं खालून खेचलं तर कडेला खळगे पडतात. प्रत्येक कोपऱ्याच्या पाच सेंमी अलीकडे थांबा.

कोपऱ्यात कापडाचं टोक तिरकं, चौकटीच्या मध्याकडे ओढून एक पीन मारा. त्याच्या दोन्हीकडे कान उभे राहतात. आतलं जादा कापड कात्रीने कापा, पिनेपासून एक सेंमी सोडून, आणि मग एकेक कान दुमडून खाली घ्या. पुढच्या दोन कोपऱ्यांची घडी नेहमी बाजूकडे वळवा, समोरून दिसता कामा नये. घडी बोथट स्क्रू ड्रायव्हरने आत सारली की चपटी बसते. चुण्या दिसल्या तर शेवटच्या तीन-चार पिना काढा आणि ताण वाटून घ्या. कोपऱ्याला पहिल्या खुर्चीत अर्धा तास लागला तरी लागू द्या.

आता बैठक खाचेत बसवून बघा. हाताच्या जोरावर गेली पाहिजे. नाही गेली तर ठोकू नका, कोणती बाजू अडते ती बघून तिथला पदर कमी करा.

तळाला काळं अस्तर मारायचं राहिलं. ते चौकटीपेक्षा एक सेंमी लहान कापा, कडा आत दुमडा, तीन-चार सेंमीवर पिना मारा. पण त्याआधी चौकटीच्या आतल्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा: खुर्चीचा नंबर, कापड ६५ × ६२, फोम ४० डेन्सिटी दीड इंच, आणि तारीख. मी ते १७॥ × १६॥ च्या बरोबर खाली लिहिलं, आणि मग अस्तर बंद केलं.